मान आणि मजुरी



राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत महाराष्ट्रातील एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. आपल्या जालना जिल्ह्याच्या पाच आमदारांचे मिळून ८७५. हे मूल्य १९७१ च्या लोकसंख्येवरून ठरले. म्हणजे त्यात शेतमजूर बायाही मोजल्या गेल्या.

२००७ साली शिवसेनेने आघाडीचा उमेदवार सोडून प्रतिभाताई पाटील यांना पाठिंबा दिला, तो मराठी अस्मितेपोटी. २०१७ साली दोन्ही प्रमुख उमेदवार दलित होते. २०२२ साली द्रौपदी मुर्मू या पहिल्या आदिवासी राष्ट्रपती झाल्या.

शतकानुशतके नाकारलेला हा मान आपण तुच्छ लेखू नये. परंतु मान हा मजुरीचा पर्याय नव्हे. अस्मितेची भाषा बोलणाऱ्या आमदाराला कार्यकर्त्यांनी विचारावे : जिच्या गणनेवर तुमचे मत उभे आहे, त्या कापूस वेचणारीच्या पदरात काय पडले?