मांटांच्या सहवासात
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थ्याने केलेले भाषण)



मी राहतो जयपूरजवळच्या सांगानेरात, ठप्प्यांनी कापड छापणाऱ्यांच्या गावात. समुद्र तेथून शेकडो कोस दूर. तरीही आज बोलणार आहे ते मांटा नावाच्या माशाविषयी आणि त्याला पाहण्याच्या आपल्या हव्यासाविषयी.

मांटा म्हणजे आपल्या कोळी बांधवांच्या ओळखीच्या पाकटाचा थोरला भाऊबंद. मात्र पाकटासारखा दंश तो करीत नाही. खोल समुद्रातील मांटाच्या पंखांचा विस्तार ७ मीटरांपर्यंत जातो, म्हणजे एखाद्या वर्गखोलीएवढा. एवढा देह पोसला जातो तो सूक्ष्म प्लवकांवर. तोंड उघडून पाणी आत घ्यायचे आणि कल्ल्यांच्या चाळणीतून अन्न गाळून घ्यायचे, एवढाच त्याचा उद्योग.

मालदीवमधील बा या प्रवाळद्वीपसमूहात मी त्यांना पाहिले. जो नैर्ऋत्य मोसमी वारा कोकणात पाऊस आणतो, त्याच्याच काळात तेथे प्लवकांची दाटी होते आणि मांटा जमतात. प्रवाळांच्या एका टेकाडापाशी आम्ही १८ मीटर खोलीवर स्थिर राहिलो. पाण्याखाली १० मीटरांवरच दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो; म्हणून वर येताना श्वास कधीही रोखायचा नाही, हा पाणबुड्याचा पहिला धडा. दुसरा, प्रवाळाला हात लावायचा नाही. ते दगड नव्हेत, असंख्य जीवांची वसाहत आहे.

त्या टेकाडावर लहान मासे मांटांच्या अंगावरील परजीवी टिपून खातात. मांटा येतात, संथपणे घिरट्या घालतात, आपली पाळी आली की थांबल्यासारखे होतात. एक माझ्या डोक्यावरून गेला तेव्हा क्षणभर उजेड झाकोळला. त्याच्या पोटावर काळे ठिपके होते. सांगानेरात एकाच ठप्प्यातून हजार छाप एकसारखे उमटतात. येथे उलट, एका मांटाचे ठिपके दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्यांच्या छायाचित्रांवरूनच संशोधक प्रत्येकाला ओळखतात.

याच द्वीपसमूहातील हनिफारू उपसागरात २०१२ पासून हवेची टाकी लावून उतरण्यास बंदी आहे. पृष्ठभागावर पोहत पाहता येते, तेही बोटींची, माणसांची आणि वेळेची मर्यादा पाळून. पाणबुड्यांना ही बंदी रुचणारी नाही. मलाही खाली उतरायचे होते. परंतु ती योग्य आहे, असे मी आपणास निःसंकोचपणे सांगतो. मांटाच्या मादीला वर्षभराच्या गर्भधारणेनंतर बहुधा एकच पिल्लू होते, आणि पुढचे व्हायला कित्येक वर्षे लागू शकतात. अशा जातीचा एक प्राणी गेला, तर ती जागा लवकर भरून निघत नाही. त्यात त्यांचे कल्ले औषधी म्हणून विकले जातात. त्या औषधाचा गुण सिद्ध झालेला नाही, पण मागणी आहे. २०१३ मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने या व्यापारावर निर्बंध आणले.

आता आपल्या दाराशी येऊ. विजयदुर्गाच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर आंग्रिया बँक हे प्रवाळांचे बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे यांचे नाव त्याला मिळालेले. त्याचा माथा पृष्ठभागाखाली सुमारे २० मीटरांवर आहे, म्हणजे पाणबुड्याच्या सहज आवाक्यात. तेथे पर्यटन सुरू करावे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा युक्तिवाद दुबळा नाही: जे लोकांनी पाहिलेच नाही, ते वाचवायला कोण धावेल? मालवणात हे खरेही ठरले आहे. तेथील सागरी अभयारण्य १९८७ चे. परंतु समुद्राखालच्या जगाविषयी जी आस्था आज दिसते, ती बरीचशी डुबकी मारून आलेल्या पर्यटकांमुळे आणि त्यावर घर चालवणाऱ्या स्थानिक तरुणांमुळे.

तरीही माझे मत असे की, आंग्रियावर आधी मोजदाद व्हावी, राखणीची व्यवस्था उभी राहावी, आणि पर्यटकांच्या बोटी त्यानंतर जाव्यात. किनाऱ्यालगतच्या मालवणात नांगर कुठे टाकावा, यावर लक्ष ठेवणे जड जाते. भर समुद्रात ते कोण ठेवणार? सांगानेरात द्रव्यवती नदी रंगाच्या पाण्याने बिघडली, ती सर्वांच्या डोळ्यांदेखत. आंग्रिया तर कुणाच्या डोळ्यांसमोरही नाही.

आता दिवे मालवून चित्रफीत पाहू. तीत मांटा पाच वेळा येतो, पण मासे चारच आहेत. दोनदा आलेला कोणता, ते पोटावरील ठिपके पाहून ओळखा.