अंगठा कुणाचा, सही कुणाची

दुपारची भांडी आवरून बसला असाल, नाहीतर बांधावरच्या बाभळीला रेडिओ अडकवून खुरपत असाल. कुठंही असा, थोडा वेळ माझ्याकडे कान द्या.

मला विषय दिलाय कर्तबगार बायकांचा. धंद्यातल्या, वकिलीतल्या, बातम्यांच्या कामातल्या, सरकार-पंचायतीतल्या. यादी लिहायला बसले तर वहीची दोन पानं भरली. मग वाटलं, नुसती नावं ऐकून तुमच्या काय हाती लागणार? शाळेत पंधरा ऑगस्टला भाषणं ऐकायचो तसं होईल. म्हणून यादी ठेवली बाजूला. आधी आमच्या गटात काय झालं ते सांगते, मग त्या बायकांकडे येते.

मी आमच्या गटाची सचिव. बारावी झालेली, त्यामुळे कागद आला की सगळ्या माझ्याकडे बघतात. मागं एका खासगी कंपनीचा माणूस कर्ज घेऊन आला. दहा जणींना प्रत्येकी १२,००० रुपये. वर्षभरात फेडायचे, व्याज शेकडा दोन. मुलगा गोड बोलायचा. "ताई इथं सही, इथं, आणि इथं." मी करत गेले. आमच्या गटात एक आत्याबाई आहेत, साठीच्या पुढच्या, शाळेची पायरी न चढलेल्या. अंगठ्याला शाई लावता लावता त्यांनी मला विचारलं, "काय लिहिलंय गं यात?" आणि मी म्हणाले, "काही नाही आत्या, नेहमीचंच."

मी एक ओळसुद्धा वाचलेली नव्हती.

हप्ता ठरला १,२४० रुपये. चार महिने गेले. एके दिवशी आत्याबाई पावट्याचे दाणे घेऊन माझ्या ओट्यावर आल्या. म्हणाल्या, "शेकडा दोन म्हणजे बारा हजाराला दोनशे चाळीस. पहिल्या महिन्याला बरोबर. पण दर महिन्याला मी हजार मुद्दल परत देते की नाही? मग आता माझ्याकडे आठच हजार राहिले. आठ हजाराला दोनशे चाळीस कसे? एकशे साठ पाहिजेत." दाणे मांडून दाखवलं त्यांनी.

वही-पेन्सिल घ्या आणि तुम्हीही मांडून बघा. मुद्दल फिटेल तसं व्याज उतरत गेलं, तर पहिल्या महिन्याला २४०, मग २२०, मग २००, असं करत शेवटच्या महिन्याला २०. बेरीज येते १,५६०. आम्ही भरत होतो बारा वेळा २४०, म्हणजे २,८८०. एकेकीमागे १,३२० रुपये जास्त. याला फ्लॅट व्याज म्हणतात. तोंडानं शेकडा दोन, पण उतरत्या शिलकेवर मोजलं तर पडतं जवळपास साडेतीन. आणि कागदावर 'फ्लॅट' हा शब्द होता. पाचव्या पानावर, बारीक अक्षरात. माझी सही त्याच्या खाली.

आत्याबाई मला काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर या भाषणासाठी वाचायला बसले, आणि पहिलंच नाव आलं कॉर्नेलिया सोराबजी. ही आपल्या नाशिकची लेक. जन्म १८६६ चा. वडील पारशी, पुढे ख्रिस्ती झालेले. आईनं पुण्यात शाळा काढल्या होत्या. कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली. त्या कॉलेजातली पहिली मुलगी. परीक्षेत अशी वर आली की मुलगा असती तर सरकारनं शिष्यवृत्ती देऊन विलायतेला पाठवली असती. मुलगी म्हणून दिली नाही. मग तिकडच्या काही लोकांनी वर्गणी काढली, आणि १८८९ मध्ये ती ऑक्सफर्डला गेली. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, तिथं ती देणारी पहिली बाई. पास झाली, पण पदवी काही हातात पडली नाही, कारण ऑक्सफर्डमध्ये बायकांना पदवीच देत नसत. ती द्यायला त्यांना १९२० उजाडलं.

परत आली तर इथंही तेच. मुंबई विद्यापीठाची वकिलीची परीक्षा दिली, अलाहाबाद हायकोर्टाची दिली. तरी कोर्टात उभं राहू देईनात. कायद्यात लिहिलेलं, अमुक शिकलेली 'व्यक्ती' वकील होऊ शकते. आणि पुढे कलकत्त्याच्या आणि पाटण्याच्या हायकोर्टांनी तर दुसऱ्या दोन बायकांच्या अर्जावर निकालच दिला की वकिलीच्या कायद्यापुरती 'व्यक्ती' या शब्दात बाई येत नाही. हसू नका, खरंच असा निकाल आहे.

पण मला तिची गोष्ट सांगायची आहे ती या परीक्षांसाठी नाही. तिनं काम काय धरलं ते बघा. बंगाल-बिहारकडे तेव्हा मोठमोठ्या जमीनदारांच्या घरात विधवा असायच्या, कडक पडद्यातल्या. परक्या पुरुषासमोर यायचं नाही. शेकडो एकर जमीन नावावर, पण कागद घेऊन येणार दिवाण, नाहीतर दीर. पडद्याच्या फटीतून कागद आत सरकवायचा, आतून सही नाहीतर अंगठा होऊन बाहेर यायचा. आत काय लिहिलंय ते तिला कोण सांगणार? वकील पुरुष, तो आत येऊ शकत नाही. अशानं किती जणींचं वाटोळं झालं असेल.

कॉर्नेलियानं सरकारच्या मागं लागून लागून सांगितलं की अशा बायकांसाठी एक बाई सल्लागार पाहिजे. १९०४ मध्ये बंगालच्या 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' या खात्यात ती जागा झाली आणि ती त्यावर बसली. पुढची जवळजवळ वीस वर्षं आगगाडीनं, पालखीनं, होडीनं ती वाड्यावाड्यांत गेली. पडद्याच्या आत बसून कागद वाचून दाखवले, पोटगी मिळवून दिली, पोरांच्या शिक्षणाची सोय लावली. सहाशेच्या आसपास बायका-मुलांची कामं तिनं केली असं सांगतात. एकदा तर एका हत्तीच्या हक्कासाठी एका राजासमोर उभी राहिली होती. राजा झोपाळ्यावर बसलेला. म्हणाला, माझ्या कुत्र्याला तू आवडलीस, म्हणून निकाल तुझ्या बाजूनं! तिनं स्वतःच्या आठवणींत हे लिहून ठेवलंय.

१९२३ मध्ये कायदा झाला आणि बायकांना वकिलीची दारं उघडली. तेव्हा कॉर्नेलिया छप्पन-सत्तावन्न वर्षांची. आयुष्याची एकतीस वर्षं परीक्षा पास होऊन बाहेर थांबण्यात गेली. एक गोष्ट लपवत नाही. ती इंग्रज राज्याच्या बाजूची होती, गांधीजींना तिचा विरोध होता. मला ते पटत नाही. पण पडद्याआड कागद वाचून दाखवण्याचं तिचं काम त्यानं खोटं ठरत नाही.

तिच्या मागोमाग मुंबई हायकोर्टात मिठान टाटा आल्या, लग्नानंतरच्या मिठान लाम. त्यांचा पहिला अशील म्हणे त्यांच्याकडे आला तो त्या हुशार म्हणून नाही. केस पक्की होती, आणि विरुद्ध पार्टीला बाईकडून हरल्याची लाज वाटावी एवढीच त्याची इच्छा! त्यांनी केस घेतली. कामाला सुरुवात कशीही होवो.

आता या पडद्यातल्या बायकांमुळे कायद्यात एक चांगली गोष्ट रुजली, ती ध्यानात ठेवा. कोर्टांनी धरलं की पडद्यातल्या बाईच्या सहीचा कागद कुणी पुढं केला, तर तो तिला नीट समजावून सांगितला होता, तिनं समजून सही केली होती, हे त्या कागदवाल्यानं सिद्ध करायचं. पुढे आपल्या कोर्टांनी निरक्षर बायकांनाही हेच लावलं. म्हणजे अंगठा उठला की संपलं, असं नाही. पण हे कोर्टात. कोर्ट म्हणजे तारखा, एसटीचं भाडं, वकिलाची फी. भावानं 'तलाठ्याकडं जरा सही पाहिजे' म्हणून नेलं आणि हक्कसोडपत्र करून घेतलं, अशा किती जणी तुमच्या-माझ्या ओळखीच्या आहेत. त्यातली कोर्टात किती जणी गेली?

दुसरी गोष्ट सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडची. माण तालुका, पिढ्यान्पिढ्या दुष्काळाचा. चेतना गाला मुंबईच्या, विजय सिन्हा या शेतकरी कार्यकर्त्याशी लग्न करून म्हसवडला आल्या. रस्त्यावर पाल टाकून लोहारकाम करणारी एक बाई त्यांच्याकडे आली. तिला रोज थोडे थोडे पैसे साठवायचे होते, पावसाळ्याआधी पालावर टाकायला ताडपत्री घ्यायला. कर्ज मागत नव्हती हो, स्वतःचे पैसे ठेवायला जागा मागत होती. बँका म्हणाल्या, एवढ्याशा रकमेचं खातं परवडत नाही. तेव्हा बायकांनी ठरवलं की आपलीच बँक काढू.

रिझर्व्ह बँकेकडे परवान्याचा अर्ज गेला आणि परत आला. का? तर बँक काढणाऱ्या बायकांचे कागदावर अंगठे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्या बँक कशी चालवणार? चेतनाताई खचल्या. बायका खचल्या नाहीत. काही महिने दिवसभराचं काम उरकून रात्री लिहाय-वाचायला बसल्या. मग त्यातल्या काही जणी थेट मुंबईला रिझर्व्ह बँकेत गेल्या. साहेबांना म्हणाल्या, आम्हाला लिहिता येत नाही कारण आमच्या गावात शाळा नव्हती. पण हिशोब येतो. कुठलीही रक्कम सांगा, व्याज आम्ही तोंडी काढतो. तुमच्या माणसांनाही मशिनशिवाय काढायला सांगा, बघू कोण आधी सांगतंय. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

हे वाचलं तेव्हा मला ओट्यावरचे पावट्याचे दाणे दिसले. म्हणजे हिशोबाची अक्कल आमच्या गटातही होती. मी बारावी पास म्हणून तिला विचारलंच नव्हतं.

म्हसवडची अजून एक गोष्ट. बँकेत यंत्रावरचा व्यवहार आला तेव्हा नंबर लावायची, पिनची पद्धत निघाली. बायकांनी साफ नकार दिला. त्यांचं म्हणणं, पिन कुणीही चोरेल, माझा अंगठा कोण चोरणार? अंगठाच ठेवा. ज्या अंगठ्यापायी परवाना अडला होता, तोच अंगठा कुलपाची किल्ली झाला. ही अक्कल कुठल्या साहेबाची नाही, म्हसवडच्या बायकांची. २०१८ मध्ये दावोसला जगातले मोठे धंदेवाले जमले होते. तिथं ज्या सात बायका सहअध्यक्ष होत्या, त्यात आपल्या म्हसवडच्या चेतना सिन्हा होत्या.

रेडिओवरून बोलतेय म्हणून रेडिओचं एक सांगते. तेलंगणात माचनूर नावाचं गाव आहे. तिथं २००८ मध्ये दलित शेतकरी बायकांनी 'संगम रेडिओ' सुरू केला. बियाणं, सण, दवापाणी, सगळं त्यांच्याच बोलीत. कारण शहरातल्या माणसानं त्यांच्या वतीनं बोलावं, हे त्यांना नको होतं. म्हसवडलाही बायकांचा रेडिओ आहे. सही दुसऱ्यानं करणं आणि बोलणं दुसऱ्यानं करणं, मला तर फार फरक दिसत नाही.

पंचायतीचं काय सांगू? आपल्या राज्यात निम्म्या जागा बायकांना आहेत. सरपंचीणबाई घरी भाकरी थापतात आणि ग्रामसेवक पाकिटातून ठराव घेऊन चुलीपाशी सहीला येतो, हे बघितलंय ना? पडदा गेला, फट राहिली.

तर आमच्या गटाचं. ते कर्ज आम्ही शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडलं. सही माझी होती, सुटका नव्हती. मी सगळ्यांसमोर कबूल केलं की मी वाचलं नव्हतं. एक-दोघी रागावल्या, बरोबरच होतं. मग गटाच्या वहीत ठराव घातला: कुठलाही कागद असो, आणणाऱ्यानं तो बैठकीत मोठ्यानं वाचायचा, आणि सही दुसऱ्या दिवशी. छोट्या कर्जाचा दर, हप्ते, कापून घेतलेले पैसे, हे सगळं आपल्याला समजेल अशा भाषेत एका कागदावर लिहून दिलं पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे. तो कागद मागून घ्या. वर्षाचा दर किती, हे विचारा. 'शेकडा दोन' ऐकून गप्प बसू नका.

या दिवाळीनंतर दुसरा एक माणूस आला, दुसरं कर्ज घेऊन. आत्याबाई त्याच्या शेजारीच बसल्या. म्हणाल्या, "वाच बाबा." तो वाचायला लागला. चहा आला, निवला, साय धरली. अर्ध्या-पाऊण तासानं त्यानं कागद मिटले आणि म्हणाला, "झालं आजी."

आत्याबाई म्हणाल्या, "पानं उलटलीस अकरा. वाचलीस दहा. मधलं एक राहिलं."