मागचे पाटे

मी सातवी शिकलेला, ड्रायव्हर-क्लीनरांच्या युनियनचा माणूस. जे शिकलो ते गाडीखाली निजून. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या, मोटारशर्यती झाल्या. तेव्हापासून आमच्या हिंगोलीच्या एका तरुण मेस्त्रीला तेच वेड. परवा म्हणतो, “मामा, जीप शर्यतीलाही पळवायची अन् औंढ्याचं भाडंही मारायचं. मागं पाटे वाढवू का?”

पाटे वाढले की ओझे पेलते, हे खरे. पण रिकामी गाडी खड्ड्यात उडते आणि टायर जमीन सोडते. शर्यतीत तर तेच धरून राहायला हवे! क्लच झटक्याने सोडला की एक्सल पिळतो, पाट्यांना बाक येतो, ते सुटले की चाक थडथडते. त्यावर उपाय एक्सल आणि चासी यांना जोडणारा दांडा. त्याआधी झिजलेले बुश आणि शॉकॲब्सॉर्बर बदलावेत. पुष्कळदा तेवढ्यानेच भागते.

आमच्या एका मालकाने जादा मालासाठी पाटे चढवले होते. परतीच्या रिकाम्या फेऱ्यांत माझी कंबर गेली, ती आजतागायत.

मी पोराला विचारले, “मागच्या बाकावर बसणाऱ्या म्हातारीला विचारलंस का?”

त्याने अजून जीप खोललेली नाही.