प्रतीक्षाकाळ आणि श्रद्धेची वाढ
(महोत्सवाच्या मिस्सानंतर केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाचा हा महोत्सव वास्तविक गेल्या डिसेंबरातच व्हावयाचा होता. मंडप ठरला होता, निमंत्रणपत्रिकेचा मसुदाही तयार झाला होता. परंतु आगमनकाळ लागण्यापूर्वीच मंदिरातील निम्मी बाके रिकामी झाली. कोयते बांधून कुटुंबेच्या कुटुंबे पश्चिमेकडील साखर कारखान्यांच्या फडांवर निघून गेली होती. घरातील निम्मी माणसे परमुलखात असता घराचा सण करावा काय, हा प्रश्न समितीपुढे आला, आणि सर्वांनी एकमताने थांबावयाचे ठरविले. म्हणून आज, मरियामातेच्या ह्या मे महिन्यात, कयाधूचे पात्र कोरडे व रान तापलेले असता, आपण येथे एकत्र जमलो आहो. महोत्सवासही वाट पाहावी लागली. अशा प्रसंगी प्रतीक्षेवाचून दुसरा विषय आम्हांस सुचला नाही.

ह्या विषयाचे आणखी एक कारण आहे, ते आमच्या उणिवेचे आहे. फडावर निघण्याच्या आदल्या सायंकाळी एक भगिनी आमच्याकडे आशीर्वादासाठी आली. मुकादमाची उचल दोन हंगाम फिटली नव्हती. तिसऱ्या हंगामाची उचल तिच्यावर चढली होती. तिने विचारले, "फादर, दोन वर्षं झाली, देवाला एकच मागती. देव ऐकतो ना?" आम्ही सेमिनरीत शिकलेले उत्तर दिले. देवाचा काळ निराळा, मनुष्याचा काळ निराळा; संकट ही श्रद्धेची कसोटी होय; इत्यादी. तिने मान डोलाविली. परंतु ती आमच्या उत्तरापुढे नव्हे, आमच्या झग्यापुढे डोलाविली, हे आमच्या ध्यानात आले. त्या रात्री ते उत्तर आमचे आम्हांसच पुरेना. उत्तर खोटे नव्हते. पण ते देताना आम्हांस काही सोसावे लागले नव्हते.

पवित्र शास्त्रात वाट पाहणारी माणसे पुष्कळ आहेत. शिमोन आहे, उपवास व प्रार्थना करीत म्हातारी झालेली हन्ना आहे. पण आम्हांस सर्वांत जवळचा वाटतो तो याकोबाच्या पत्रातील शेतकरी. आधीचा व मागचा पाऊस येईपर्यंत तो धीर धरितो, असे याकोब सांगतो. हा दृष्टान्त आमच्या हिंगोलीच्या कोरडवाहू शेतकऱ्यास समजावून सांगावा लागत नाही. मृग कोरडा गेला म्हणजे काय होते हे तो आम्हांस समजावून सांगेल. नर्सीच्या नामदेवांच्या ह्या भूमीत दरवर्षी आषाढीकडे पायी चालणारे आपले शेजारीही वाट पाहणे म्हणजे काय हे जाणतात. मात्र याकोबाच्या दृष्टान्तातील एक गोष्ट सहसा नजरेतून निसटते. तो शेतकरी रिकाम्या शेताच्या बांधावर बसलेला नाही. त्याने पेरलेले आहे. जे हातचे होते ते करून झाल्यावर जे हातचे नाही त्याची तो वाट पाहतो.

आपल्याकडील हळद पाहा. वसमतच्या हळदीस 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ह्याचा आपणांस अभिमान आहे. परंतु ज्यांनी ती लाविली नाही त्यांस ती किती छळते हे ठाऊक नसते. मृगाच्या सुमारास बेणे लावावे आणि नऊ महिने थांबावे. पाला छातीएवढा वाढतो, हिरवागार दिसतो. पण पाल्यास मोंढ्यात भाव नाही. भाव आहे तो मातीखालच्या कंदास, आणि तो पोसतो किंवा नाही हे पाहण्यासाठी कोणी रोज मुळाशी उकरीत नाही. उकरील तर पीक हातचे जाईल. पुढे पाला पिवळा पडतो, वाळतो, शेत ओसाड दिसू लागते. तेव्हा कोठे काढणीची वेळ होते. तेवढ्यानेही सुटका नाही. कंद उकडावे लागतात, पंधरवडाभर उन्हात वाळवावे लागतात, ढोलात घालून घोळवावे लागतात. प्रार्थना करणाऱ्याची गत पुष्कळदा अशीच असते. मनाचा पाला वाळलेला दिसतो, प्रार्थनेत गोडी राहत नाही, आणि आपण समजतो की आपली श्रद्धा गेली. मातीखाली काय चालले आहे ते आपल्यास दिसत नाही इतकेच.

आता गोष्ट सांगावयाची ती एका अशा मंडळीची की, जिने एका पिढीएवढी वाट पाहिली. सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, येथील किनारपट्टी पोर्तुगीजांच्या हाती होती. 1658 साली जाफना डच लोकांनी घेतले. त्यांनी कॅथोलिक धर्मगुरूंस हद्दपार केले आणि त्यांचे येणेही बंद केले. तेथील ख्रिस्ती लोकांस मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाच्या वेळी अंत्यसंस्कार नाही, अशी सुमारे तीस वर्षे गेली. तीस वर्षे म्हणजे त्या काळी ज्याचे बाळपणी नामकरण झाले तो धर्मगुरूचे तोंड न पाहता बाप झाला. ही वार्ता गोव्यात पोहोचली तेव्हा बाणावली येथे 1651 साली जन्मलेल्या एका धर्मगुरूचे अंतःकरण हलले. ते संत जोसेफ वाझ होत. 1687 साली ते भिकाऱ्याच्या वेषात, एका सेवकासह, त्या बेटावर उतरले. उतरताच आजारी पडले. बरे झाल्यावर गळ्यात जपमाळ उघडी घालून ते दारोदार भिक्षा मागू लागले. ती माळ पाहून कोणाचे डोळे ओळखीने चमकतात, हे ते पाहत. डोळे चमकले. तीस वर्षे धर्मगुरूवाचून राहिलेल्या घरांत आजीने नातवास प्रार्थना शिकविली होती.

पुढे ते कॅंडीच्या राज्यात गेले, तेथे हेर समजून त्यांस कैदेत टाकण्यात आले. कैदेतही ते स्वस्थ बसले नाहीत. सिंहली भाषा शिकू लागले. गोव्याहून दुसरे धर्मगुरू मदतीस येईपर्यंत त्या सबंध बेटावर ते जवळजवळ नऊ वर्षे एकटे होते. कॅंडीत अवर्षण पडले असता त्यांच्या प्रार्थनेने पाऊस पडला, अशी परंपरा आहे, आणि आपल्या दुष्काळी मुलखात ती कथा आम्ही स्वतः अनेकदा आवडीने सांगितली आहे. परंतु अलीकडे आम्हांस वाटू लागले आहे की, पावसाच्या कथेहून त्या तीस वर्षांची कथा मोठी. पाऊस एका दिवसात आला. नातवंडांस प्रार्थना शिकविणाऱ्या त्या आज्यांस मात्र कोणी येणार आहे असे कोणी सांगितलेही नव्हते. जोसेफ वाझ 1711 साली कॅंडीत वारले. ख्रिस्तसभेने त्यांस संत म्हणून घोषित केले ते 14 जानेवारी 2015 रोजी, कोलंबो येथे, पोप फ्रान्सिस ह्यांच्या मुखाने. त्या आज्यांची नावे कोणत्याही यादीत नाहीत.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. आम्ही दारिद्र्याची स्तुती करीत नाही. संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा उत्पन्न होते असे संत पौल सांगतो. परंतु नुसत्या संकटाने माणूस घडत असता तर सावकारांनी ह्या मराठवाड्यात किती संत घडविले असते! 1972 च्या दुष्काळात मिलोची भाकरी व सुकडी खाऊन खडी फोडलेली माणसे आजही आपल्यांत बसली आहेत. कोणी त्या दिवसांनी नम्र झाले, कोणी कडवट झाले, हे आपण पाहिले आहे. फरक कोठे पडला, ह्याचा विचार आम्ही पुष्कळ केला. ज्यांच्या चुलीशी दुसऱ्यासाठी जागा राहिली, ते बहुधा कडवट झाले नाहीत. ह्याहून अधिक आम्हांस सांगता येत नाही. आणि उचलीचे ओझे हे देवाने दिलेले नाही. ते माणसांनी घातलेले आहे, म्हणून ते माणसांनीच उतरवावयाचे आहे. त्यासाठी देवाच्या काळाची वाट पाहा, असे सांगणारा धर्मगुरू आपले काम दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. गेल्या वर्षी तो धर्मगुरू आम्हीच होतो.

ती भगिनी एप्रिलात परत आली. आम्ही भीत भीतच विचारपूस केली. उचल फिटली नाही, असे तिने सांगितले. मुलाचे शाळेचे वर्ष बुडाले. नाताळच्या रात्री मिस्सा कोठली? पहाटे तीन वाजता गाडी भरावयाची होती. पण रोज रात्री कोपीत तिने जपमाळ केली. प्रथम एकटीने, मग मुलाबरोबर. शेजारच्या कोपीतील बाया, ज्यांस आपल्या धर्माची काही माहिती नाही, त्याही येऊन बसू लागल्या. एकीचे मूल तापाने फणफणले होते त्या रात्री त्यांनीच हिला हाक मारून नेले. "देव ऐकतो का ते अजून कळलं नाही, फादर," ती म्हणाली, "पण मी बोलायची थांबली नाही." आम्ही काही उत्तर दिले नाही. ह्या वेळी आमच्यापाशी उत्तर नव्हते, आणि तिने ते मागितलेही नव्हते.

ती आज पुढच्या बाकावर बसली आहे. तिचे नाव आम्ही घेत नाही, कारण तशी तिची इच्छा आहे.

आता समितीने काल ठरविले ते सांगतो. महोत्सवासाठी जमलेल्या वर्गणीतून जी रक्कम उरेल तीतून रोषणाईचा खांब उभारावा, अशी एक सूचना होती. ती मागे घेण्यात आली आहे. धर्मगुरूनिवासाच्या मागील दोन खोल्या पावसाळ्यापूर्वी शाकारून घ्याव्या, म्हणजे येत्या हंगामात फडावर जाणाऱ्या कुटुंबांची शाळेत जाणारी मुले तेथे राहू शकतील. मुलांस रात्री निजावयास सोबत हवी, सकाळी डबा हवा, आणि सायंकाळी जपमाळ सांगणारी कोणी आजी हवी. ज्या घरांस ह्यांपैकी जे जमेल त्यांनी आपली नावे मंडपाच्या दारापाशी ठेवलेल्या वहीत लिहावी. वहीत आतापर्यंत चार नावे आली आहेत.