आठ जणांची भिशी, पण नंबर कुणाचा?

आजचा भाग छोटा आहे. स्टॉपवर उभे असाल, तर बस यायच्या आत संपेल.

भिशी माहितीये ना? आईची, काकूंची. सगळ्या जणी दरमहा पैसे काढतात, चिठ्ठी निघते, एकीला रक्कम मिळते. आम्ही ऑफिसमधल्या आठ जणांनी तशीच भिशी सुरू केली. फक्त पैसे जाणार एका संस्थेला. प्रत्येकी ५००, म्हणजे महिन्याला ४,०००.

पहिल्याच वर्षी घोळ घातला. एका छोट्या वसतिगृहाला, आमचं आम्हीच ठरवून, दोन कॉम्प्युटर दिले. फोटो काढले, स्टेटस ठेवलं. सहा महिन्यांनी गेलो, तर दोन्हींवर चादर. तिथल्या ताई म्हणाल्या, "अहो, शिकवणार कोण? आणि मला तर हिशोब लिहायला माणूस हवा होता. ऑडिट अडकलंय." आम्ही त्यांना विचारलंच नव्हतं. लाज वाटली.

मग शोधताना अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचे पॉल ब्रेनर्ड सापडले. पेजमेकर बनवणाऱ्या आल्डस कंपनीचे संस्थापक. हो, तेच पेजमेकर, ज्यावर आपल्याकडे कितीतरी लग्नपत्रिका लागल्या! त्यांनी १९९७ मध्ये सोशल व्हेंचर पार्टनर्सची सुरुवात केली. सभासदांनी दरवर्षी पैसे घालायचे, कुणाला द्यायचे ते मिळून ठरवायचं, आणि सोबत आपलं कामही द्यायचं: हिशोब, कायदा, तंत्रज्ञान. आज पुण्यातही त्यांची शाखा आहे.

आम्हीही तेच केलं. आमच्यातली एक सीए आहे, ती चार शनिवार ताईंसोबत बसली. ऑडिट सुटलं. एक जण रविवारी मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. आणि भिशीच्या पैशांतून अर्धवेळ हिशोबनीस ठेवला.

पण यंदा दोघांनी नोकरी बदलली, भिशी सोडली. आले ३,०००. तेव्हा कळलं, आपला हप्ता चुकला की तिकडे कुणाचा तरी पगार चुकतो. उरलेल्यांनी खिशातून भर घातली. आता नियम केलाय: तीन महिन्यांचे पैसे हातात असल्याशिवाय शब्द द्यायचा नाही.

तुम्हालाही सुरू करायचंय? मग आधी संस्थेला फोन करा आणि एवढंच विचारा, "तुमचं काय अडलंय?" आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसा. आम्हाला हे शिकायला एक वर्ष लागलं.

चला, भेटू पुढच्या भागात!