अठराशे फूट



ढगात शिरल्यावर वैमानिकाचा तोल सांभाळणारा कान त्याला दगा देतो. विमान हळूहळू एका अंगाला कलत असतं आणि आतल्या माणसाला मात्र ते सरळच चाललंय असं वाटतं. म्हणून उपकरणांवर उडायला शिकताना पहिला धडा हाच: शरीराचं ऐकू नका, तबकड्यांचं ऐका. २४ सप्टेंबर १९२९ला अमेरिकेत जिमी डूलिटल यांनी झाकलेल्या कॉकपिटमधून, बाहेरचं काहीही न बघता, विमान उडवून पुन्हा खाली उतरवून दाखवलं.

पण पुढे डोंगर आहे हे त्या तबकड्या सांगत नव्हत्या. त्यासाठी कागद लागतो. टपालाची विमानं उडवणारे एल्रे जेपसन दहा सेंटांच्या वहीत मैदानांची लांबी, वाटेतले अडथळे, टेकड्यांच्या उंच्या टिपत असत. सोबतचे वैमानिक ती वही मागू लागले आणि १९३४मध्ये त्यांनी ती छापून विकायला काढली.

आज अप्रोच चार्टवर, म्हणजे विमान उतरवण्याच्या वाटेच्या नकाशावर, दोन चित्रं असतात. वरच्यात वरून दिसणारी वाट, खालच्यात बाजूने दिसणारी उतरण. दोन्ही मिळून एक चार्ट होतो, हे मला आज तुमच्यापुढे आग्रहाने मांडायचं आहे.

१ डिसेंबर १९७४. ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं ५१४ क्रमांकाचं बोइंग ७२७. वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर आडवा वारा फार, म्हणून ते डलेस विमानतळाकडे वळवलेलं. विमानतळ सुमारे ४४ सागरी मैल लांब असतानाच कंट्रोलरने अप्रोचची परवानगी दिली. खालच्या चित्रात राउंड हिल या टप्प्यापासून पुढे किमान उंची १,८०० फूट. वरच्या चित्रात मात्र राउंड हिलच्या अलीकडे ३,४००. कॅप्टनने तो आकडा पाहिला होता. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात तो त्याबद्दल बोलतो. तरीही, परवानगी मिळाली म्हणजे १,८००पर्यंत उतरायला हरकत नाही, असं कॉकपिटमध्ये ठरलं. वैमानिकांना वाटलं, कंट्रोलर रडारवर बघतोय, डोंगराची काळजी तो घेईल. कंट्रोलरच्या लेखी चार्ट वैमानिकांच्या हातात होता, उंची त्यांनीच सांभाळायची होती. विमान व्हर्जिनियातल्या माउंट वेदरवर आदळलं. ९२ माणसं गेली.

अपघाताच्या चौकशी मंडळातही तीन विरुद्ध दोन अशी फूट पडली. तिघांनी वैमानिकांचा उतरण्याचा निर्णय पुढे ठेवला; दोघांनी कंट्रोलरने उंचीचं बंधन घातलं नाही, यावर बोट ठेवलं. मला जास्त छळते ती दुसरीच गोष्ट. अवघ्या काही आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान याच अप्रोचला असंच खाली येऊन त्याच डोंगरावरून थोडक्यात निसटलं होतं. युनायटेडच्या वैमानिकांना सावध केलं गेलं. ट्रान्स वर्ल्डच्या वैमानिकांपर्यंत ती खबर पोहोचलीच नाही!

पुढे नियम स्पष्ट झाला: चार्टवर छापलेल्या वाटेवर विमान येईपर्यंत शेवटी नेमून दिलेली उंची सोडायची नाही. आणि १९७६पासून नासाकडे एक यंत्रणा सुरू झाली. तिथे कोणत्याही कंपनीचा वैमानिक किंवा कंट्रोलर आपली चूक, आपली शंका कळवू शकतो. त्याचं नाव उघड होत नाही, आणि त्यातून निघालेली सूचना सगळ्यांना मिळते.