रविवारची मिसळ, शनिवारच्या पोळ्या



रविवारी सकाळी कोल्हापुरात मिसळ खायला गर्दी होते.
झणझणीत कट... वर फरसाण... सोबत ब्रेडचे जाड काप.

जरूर जा. मनसोक्त खा.
फक्त शनिवारी रात्री कणीक बेतानं मळा.

सकाळी बाहेर खाल्लं,
की रात्रीच्या पोळ्या डब्यातच राहतात.
म्हणून पुन्हा सांगते...
कणीक बेतानं मळा.

तरी उरल्याच, तर कुस्करा करा.
मोहरी, कांदा, मिरची, हळद.
पाण्याचा हबका मारा...
झाकण ठेवून एक वाफ आणा.
कोरडी पोळी छान मऊ होते.

भाताला मात्र जपा.
शिजलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा.
रात्रभर ओट्यावर राहिलेला भात फोडणी देऊनही खाऊ नका.

आणि हो, मिसळीचा कट आधी थोडाच घ्या.
लागला, तर पुन्हा मागता येतो.